अंगणातली मोटारसायकल: गोव्यात गॅरेजशिवाय गाडी कोरडी आणि जागेवर कशी ठेवावी

गोव्यात भाड्याचं घर बघताना नवा माणूस नळाला पाणी किती वेळ असतं ते विचारतो, लाईट किती वेळा जाते ते विचारतो, समोरच्या शेतात मोर येतात का तेही विचारतो. मोटारसायकल कुठे लावायची हे मात्र सामान उतरवून झाल्यावर आठवतं. जुन्या घरांना सोपा म्हणजे ओसरी असते, अंगण असतं, मागे परसू असतं. गॅरेज बहुधा नसतं. पर्वरी-म्हापशाच्या इमारतींत खाली पार्किंग असलं तरी त्यातल्या जागा चारचाकीवाल्यांच्या, आणि दुचाक्या कुंपणाच्या कडेला उघड्यावर.

हा लेख त्या उघड्यावरच्या गाडीसाठी आहे. मी आधी पणजीत रस्त्याच्या कडेला गाडी ठेवायचो, आता म्हापशाजवळ अंगणात ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा आत कोंडलेली ओल गाडीचं जास्त नुकसान करते. इथे जून ते सप्टेंबर सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, वाळपई-सांगेकडे किनाऱ्यापेक्षा जास्त, आणि जुलैत हवा दिवसरात्र दमट असते. भिजलेल्या गाडीला वारा लागला तर ती सुकते. भिजलेली गाडी गुंडाळून ठेवली तर ती गंजते. म्हणून खर्चाचा क्रम जागा, जमीन, छप्पर, साखळी असा ठेवा आणि कव्हर शेवटी घ्या. बहुतेकांचं उलट होतं. कव्हर घरपोच मिळतं, बाकीच्या कामांसाठी माणसं शोधावी लागतात.

आणि हे सगळं मेच्या मध्यापर्यंत उरका. पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण मेच्या शेवटच्या दिवसांत पत्रेवाला, वेल्डर आणि पाडेली (माडावरचे नारळ उतरवणारा) यांच्यापैकी कोणी फोन उचलत नाही. सगळा गाव त्यांच्या मागे असतो.

१. आधी जागा पाहा, जमल्यास भर पावसात

पाऊस चालू असताना छत्री घेऊन अंगणात दहा मिनिटं उभे राहा. उन्हाळ्यात घर घेतलं असेल तर दोन बादल्या पाणी ओतून उतार कुठे जातो ते बघा, आणि शेजाऱ्याला विचारा. पाणी कुठपर्यंत येतं हे त्याला तोंडपाठ असतं.

कौलारू घराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे जमिनीवर एक खोलगट रेघ उमटलेली असते. गाडी त्या रेघेच्या आत, भिंतीकडे लावा, नाहीतर रेघेपासून चांगली दूर. पागोळीची धार खाली आपटून लाल चिखल उडवते तो थेट चेन, ब्रेक आणि इंजिनाच्या खालच्या भागावर बसतो. वरून कितीही झाका, तो खालून येतो.

पावसाळी वारा इथे पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. त्यामुळे घराची पूर्वेकडची भिंत सर्वांत कोरडी असते. किनाऱ्याजवळ राहत असाल, म्हणजे कांदोळी, मांद्रे, कोलवा अशा पट्ट्यात, तर हाच वारा समुद्रावरचं मीठ घेऊन येतो. तिथे पश्चिमेला उघडी ठेवलेली गाडी पावसाळा नसतानाही गंजते. स्पोक, सायलेन्सर, पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्या, स्टँडची स्प्रिंग यांवर तांबूस ठिपके आधी दिसतात. शॉकअपच्या नळीवर गंजाचा खडबडीत डाग पडला की तो ऑइल सील कापतो आणि तेल गळायला लागतं, तेव्हा हा दिसण्यापुरता प्रश्न नाही.

मग मान वर करून पाहा. माड असेल तर त्याखाली गाडी नको. पाडेलीकडून नारळ आणि सुकलेल्या झावळ्या काढून घेतल्या तरी पुढचा घड तयार होत असतोच. फणस आणि आंबा यांचंही तेच. घराला येणारी विजेची तार अंगणावरून जात असेल तर तिच्याखाली पत्र्याची शेड घालू नका.

चोरीच्या बाजूने विचार केला तर माझा नियम असा: गाडी रस्त्यावरून दिसू नये, पण घरातून दिसावी. झोपायच्या खोलीच्या खिडकीखालची जागा गेटाजवळच्या जागेपेक्षा दहापट चांगली. गाडीचं तोंड भिंतीकडे ठेवा. सकाळी तुम्हाला ती मागे ओढावी लागेल, पण रात्री येणाऱ्यालाही ओढावीच लागेल. मध्ये एक पायरी असेल तर तीही असू द्या. आपण स्वतःसाठी फळीचा उतार ठेवायचा आणि रात्री फळी घरात घ्यायची.

पणजीत राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. मळा या वस्तीसारखा भाग सखल आहे, आणि जोराचा पाऊस व भरती एकाच वेळी आली की पाणी नदीकडे उतरत नाही. तिथे पावसाळ्यात हवामानाच्या अंदाजासोबत भरतीची वेळही बघायची सवय लावा, आणि रात्रीची गाडी थोड्या चढावर लावा, मग घरापर्यंत चालावं लागलं तरी चालेल.

२. विचारून घ्या, आणि लिहून घ्या

घर भाड्याचं असेल तर भाटकाराला (जमीनमालकाला) किंवा मालकिणीला तीन गोष्टी स्पष्ट विचारा: गाडी नेमकी कुठे लावू, जमिनीत एक लोखंडी कडी पुरली तर चालेल का, आणि काढता येईल असं छप्पर घातलं तर चालेल का. इथली माणसं तोंडी सहसा नाही म्हणत नाहीत. पण नंतर परदेशातून त्यांचा भाऊ येतो आणि त्याला अंगणातला पत्रा आवडत नाही. भाडेकरारात एक ओळ घालून घेतलीत की तो वाद टळतो. छप्पर तुमच्या खर्चाचं असेल तर जाताना ते कोण नेणार हेही त्यातच लिहा.

इमारतीत राहत असाल तर सोसायटीच्या समितीला अर्ज द्या आणि पोच घ्या. सामाईक जागेत कायमची कडी ठोकायला परवानगी लागतेच.

चार पाइप आणि ताडपत्री यांना कोणी अडवत नाही. पण पाया घालून पक्की शेड उभी करायची तर आधी पंचायतीत किंवा पालिकेत विचारा. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत तर किनारी क्षेत्राचे नियम लागू होतात, आणि शेजाऱ्याची एक तक्रार तुमची शेड उतरवायला पुरेशी असते.

३. पायाखालची जमीन

लाल माती मे महिन्यात दगडासारखी असते आणि जूनमध्ये लोणी. साइड स्टँडवर ठेवलेली गाडी रात्रीतून कलंडते ती अशीच. स्टँडखाली चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा सरकवणं ही झाली तात्पुरती सोय.

नीट करायचं तर सहा फूट बाय तीन फूट जागा सपाट करा, खाली खडी घाला, वर पेवर बसवा किंवा तीन-चार इंच काँक्रीट ओता. भोवतालच्या जमिनीपेक्षा ती चार इंच तरी उंच हवी आणि एका बाजूला किंचित उतार हवा. शक्य तेव्हा मधल्या स्टँडवर लावा. तुमच्या मोटारसायकलला मधला स्टँड नसेल तर साइड स्टँडचं टोक टेकतं तिथे लोखंडी पट्टी किंवा जाड फरशी ठेवा. ओल्या काँक्रीटवर शेवाळ धरतं, त्यावरून गाडी ढकलताना पाय घसरतो. महिन्यातून एकदा खराट्याने घासून काढा.

नुसत्या मातीवर किंवा गवतावर गाडी ठेवली तर जमिनीतून वर येणारी वाफ इंजिनाखाली आणि चेनवर बसते. तिथे वरून कव्हर टाकलंत तर आत अक्षरशः घाम सुटतो.

४. छप्पर: बाजू उघड्या, माथा बंद

मोटारसायकल साधारण सात फूट लांब आणि हँडलपाशी तीन फुटांच्या आत रुंद असते. छप्पर मात्र नऊ फूट बाय सहा फूट धरा, कारण पाऊस तिरका येतो. पूर्वेची, आत शिरायची बाजू सात फूट उंच आणि पश्चिमेची सहा फूट. म्हणजे पाणी पश्चिमेला वाहतं आणि वाऱ्याला धरायला खालची कड मिळते, उघडा जबडा मिळत नाही. उलट केलंत तर पहिल्या वादळात पत्रा शेजाऱ्याच्या पोफळीत सापडेल. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याजवळून गेलं तेव्हा झाडं पडली, वीज गेली आणि कितीतरी हलकी छपरं उडाली. पाय पुरण्याची काटकसर करू नका. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचे चारही पाय दीड फूट काँक्रीटमध्ये हवेत.

पत्रा रंगीत लेप दिलेला घ्या. साधा पत्रा किनाऱ्याजवळ फार टिकत नाही. नागमोडी पत्र्याला भोक नेहमी उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही, आणि स्क्रूखाली रबरी वॉशर असलाच पाहिजे. पाइप जिथे कापला किंवा वेल्ड केला तिथला जस्ताचा थर जळालेला असतो. तिथे रेड ऑक्साइड आणि वर रंग मारून घ्या. वेल्डर हे न सांगता सोडून देतात. पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा छान दिसतो, पण ऑक्टोबरच्या उन्हात त्याखाली सीट आणि टाकी भाजून निघते.

पश्चिमेची बाजू बंद करायची असेल तर पूर्ण बंद करू नका. खाली अर्धा फूट आणि वर अर्धा फूट मोकळं सोडा. पूर्वी मातीच्या भिंती वाचवायला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे, ते आजही या कामाला उत्तम. पाणी अडवतात, वारा गाळून आत सोडतात, आणि पावसाळा संपला की काढून टाकता येतात. हिरवी जाळी मात्र उन्हासाठी आहे. तिच्यातून पाऊस सरळ आत येतो.

पैसे कमी असतील तर जाड ताडपत्री दोरीने चार ठिकाणी ताणून बांधा, पण ती गाडीला कुठेही टेकता कामा नये. मधे झोळ पडून पाणी साचलं की त्या वजनानेच ती फाटते, म्हणून मधून एक आडवी काठी द्या.

हार्डवेअरच्या दुकानात जाताना ही यादी न्या, पुढच्या भागांतल्या कामांचं सामानही तिच्यात आहे: दीड इंची जीआय पाइप, रंगीत पत्रा, रबरी वॉशरचे स्क्रू, रेड ऑक्साइड, १६ मिलिमीटरची सळई, सिमेंट-वाळू-खडी, पोलादी साखळी आणि बंद तोंडाचं (कडी झाकली जाणारं) कुलूप, ग्रीस, चेनचं तेल, पेट्रोलियम जेली, डांबराच्या गोळ्या, आणि एक साधा मल्टिमीटर.

५. गाडी कशाला तरी बांधा

हँडल लॉक रोज लावा, पण चोरीच्या हिशेबात त्याची किंमत शून्य धरा. जोराचा हिसका दिला की ते तुटतं. नुसतं डिस्क लॉक लावलेली गाडी दोन माणसं उचलून टेम्पोत घालतात. म्हणून मुख्य काम आहे ते गाडी न हलणाऱ्या वस्तूला बांधण्याचं.

नवखे इथे ज्या फंदात पडतात तो म्हणजे चिऱ्याच्या भिंतीत किंवा गडग्यात अँकर बोल्ट ठोकणे. चिरा सच्छिद्र आणि मऊ असतो. बोल्ट फुगला की भोवतालचा दगड भुगा होतो, आणि पहारीच्या एका झटक्यात सगळं बाहेर. खिडकीच्या किंवा गेटाच्या ग्रिललाही भरवसा नाही. त्याच्या पट्ट्या बारीक आणि वेल्ड ठिपक्यापुरता असतो. आरसीसी पिलर मिळाला तर त्याच्याभोवती साखळी घाला, दुसरं काही करायची गरज नाही.

पिलर नसेल तर खुंटा पुरा. दीड फूट खोल, वर एक फूट चौरस आणि तळाशी त्याहून रुंद असा खड्डा घ्या, म्हणजे काँक्रीटचा गोळा वर ओढून निघणार नाही. १६ मिलिमीटरची सळई इंग्रजी यू सारखी वाकवून तिची दोन्ही टोकं बाहेर मुडपून घ्या. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असं काँक्रीट भरा, सळईचा फक्त साखळी जाईल एवढाच वेढा वर ठेवा. ओलं पोतं टाकून निदान सात दिवस पाणी मारा. त्या आठवड्यात साखळी ओढून बघण्याचा मोह आवरा. हा खुंटा तिसऱ्या भागातल्या काँक्रीटसोबतच घातला तर गवंड्याची एक खेप वाचते.

साखळी दहा मिलिमीटर किंवा जास्त जाडीची, कडक केलेल्या पोलादाची, चौकोनी कड्यांची घ्या. हार्डवेअरमध्ये वजनावर मिळणारी साधी साखळी मोठ्या कटरने क्षणात तुटते, आणि प्लास्टिकच्या नळीतली तारेची केबल तर हेल्मेट बांधायच्या लायकीची. साखळी मागच्या चाकातून आणि चासीतून घाला. पुढचं चाक अॅक्सलचा नट काढून वेगळं करता येतं. साखळीला झोळ देऊ नका. ती जमिनीवर पडलेली असली की खाली दगड ठेवून वर घण घालता येतो. कुलपाचं भोक जमिनीकडे करा, म्हणजे पाणीही जात नाही आणि हत्यारही सहज बसत नाही. किल्लीच्या भोकात तेल ओतू नका, त्यात धूळ चिकटून कुलूप अडतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड चालते. साखळीवरची कापडी खोळ रंग वाचवते, पण ओली राहते, म्हणून अधूनमधून काढून वाळवा.

साखळीच्या जोडीला पुढच्या चाकाला डिस्क लॉक ठेवा. दोन वेगळ्या जातीची कुलपं म्हणजे दोन वेगळी हत्यारं. डिस्क लॉकपासून हँडलपर्यंत रंगीत दोरी बांधा, नाहीतर सकाळी घाईत गाडी तशीच पुढे ढकललीत तर डिस्क किंवा मडगार्ड जाईल. भोंगा वाजवणारी कुलपं माझ्या मते इथे नकोत. ओल शिरली की मध्यरात्री आपोआप वाजतात, आणि दोन-तीन वेळा वाजल्यावर वाड्यावर कोणी उठत नाही.

जीपीएस ट्रॅकर लावायचा असेल तर सीटखाली पहिल्या नजरेला दिसेल असा नको. तो बॅटरी सतत थोडी थोडी खातो, हे लक्षात ठेवा. जुलैत गाडी पंधरा दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता कण्हतो. दिव्याचं म्हणाल तर माणसाच्या चाहुलीने पेटणारा दिवा उपयोगी, पण सौर ऊर्जेवरचा पावसाळ्यात अर्धा जीव धरून असतो. तारेचा घ्या.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळा गोवा आपापल्या मूळ घरी जातो आणि शहरातल्या इमारती रिकाम्या होतात. तेव्हा तुम्हीही जाणार असाल तर शेजारच्या घरी राहणाऱ्या कोणाला तरी सांगून जा, आणि दुसरी किल्ली घरात गाडीजवळच्या खुंटीवर लटकवून जाऊ नका.

६. कव्हर: घ्यायचं तर असं

छप्पर असेल तर पावसाळ्यात कव्हर न घालणंच बरं. उन्हाळ्यात धूळ, मांजर आणि पक्ष्यांपासून ते उपयोगी. डिचोली-धारबांदोडा भागात खनिजाची लाल धूळ बसते तिथे तर हवंच.

छप्पर नसेल तर निवड अशी करा: आतून मऊ, बाहेरून पाणी न शिरणारं, वरच्या भागाला झडपेखाली हवेची भोकं असलेलं, आणि पोटाखालून पट्टा बांधता येईल असं. ते जमिनीपासून अर्धा फूट वर संपायला हवं. जमिनीला टेकणारं कव्हर ओल वर खेचतं आणि आत उंदरांना खोली करून देतं. आरशांवर घट्ट बसून खाली मोकळं पडणारं कव्हर चांगलं. वाऱ्यात फडफडणारं कव्हर टाकीचा रंग पॉलिश पेपरसारखा घासतं, म्हणून पट्टा घट्ट बांधा.

ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका. आधी कपड्याने पुसा, मग वाऱ्यावर ठेवा. सायलेन्सर गरम असताना टाकलंत तर प्लास्टिक वितळून त्यावर चिकटतं आणि ते निघत नाही. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. उघडीप मिळाली की कव्हर काढून दोरीवर वाळत घाला. रेनकोट कव्हरखाली गाडीवरच लटकवू नका. ते म्हणजे आत पाण्याची बादली ठेवण्यासारखंच झालं.

७. पहिल्या पावसाआधी गाडीवर करायची कामं

पेट्रोलच्या टाकीचं झाकण हा सर्वांत दुर्लक्षित भाग. झाकणाभोवती पाणी साचू नये म्हणून तिथे एक बारीक भोक असतं आणि त्याची नळी खाली जाते. कुंभारीण माशी नेमकी अशा नळीच्या तोंडात मातीचं घर बांधते. नळी बुजली की झाकणाभोवतीचं पाणी वाट काढत टाकीत उतरतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी वेगळा थर होतो. मग गाडी धडधडत बंद पडते आणि मेकॅनिक प्लग बदलत बसतो. तपासणी सोपी आहे. झाकणाच्या खाचेत दोन चमचे पाणी टाका. ते लगेच इंजिनाखाली ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर नळीत बारीक तार घाला. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत हवा जास्त, म्हणून दव जास्त.

चेन रॉकेलने किंवा क्लीनरने साफ करून, सुकवून मग तेल द्या. डब्ल्यूडी-४० पाणी हुसकावतं, पण वंगण म्हणून टिकत नाही. ते मारून थांबू नका. डिस्क आणि ब्रेक पॅडजवळ कुठलाही फवारा नेऊ नका, तिथे थेंबभर तेल म्हणजे ब्रेक गेलाच. स्टँडचे सांधे, क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे खिळे यांना ग्रीस लावा. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली. मल्टिमीटरवर गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवं, १२.२ म्हणजे अर्धी बॅटरी गेली, पावसाआधी चार्ज करून घ्या.

किनाऱ्यालगत असाल तर गाडी गोड्या पाण्याने धुवा. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं, त्याने धुणं म्हणजे मीठ वाटून लावणं; नळाचं घ्या.

८. पावसाळ्यात काय करत राहायचं

भिजून आल्यावर गाडी पुसा आणि चेन गरम आहे तोवर तिला तेल लावा. एरवी पाचशे किलोमीटरला करता ते पावसात आधीच करावं लागतं.

गाडी वापरात नसली तर रोज पाच मिनिटं चालू करून बंद करणारे बरेच दिसतात. त्याने उलट नुकसान होतं. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी धरतं, आणि स्टार्टरने घेतलेली वीज परत भरत नाही. आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटं चालवून आणा. ते जमणार नसेल तर बॅटरीची उणे तार काढून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी गाडी जागच्या जागी थोडी मागेपुढे करा, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कला धरून बसणार नाहीत आणि टायर एकाच जागी दबणार नाही.

उंदीर हा पावसाळी पाहुणा. शेतात पाणी भरलं की तो एअर फिल्टरच्या डब्यात शिरतो आणि वायरी कुरतडतो. डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी सीटखाली बांधा आणि शेडमध्ये भाताचं पोतं किंवा कुत्र्याचं खाणं ठेवू नका, दुसरं जास्त महत्त्वाचं. सकाळी कव्हर काढताना हात आत घालण्याआधी काठीने हलवा. इंजिनाच्या उबेला सापही येतो.

सीटवर आणि हेल्मेटच्या आत बुरशी धरते. हेल्मेट गाडीवर ठेवूच नका, घरात पंख्याखाली ठेवा.

पणजीतले पायलट, ते काळ्या-पिवळ्या गाड्यांवर भाडं घेऊन जाणारे, पावसाळाभर उघड्यावर उभे असतात आणि तरी त्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं चालतात. त्यांच्याकडे बघा. कव्हर क्वचित दिसेल, पण हातात फडकं कायम असतं.

९. पाणी चढलं तर

सायलेन्सरच्या तोंडावरून पाणी गेलं असेल तर स्टार्टर दाबू नका, किक मारू नका, शेजारचा पोरगा म्हणाला तरी ढकलून चालू करू नका. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढा, फोटो काढा, गाडी उचलून उंच जागी न्या आणि मेकॅनिकला प्लग काढून पाणी बाहेर काढू द्या. इंजिन ऑइल दुधट दिसलं तर ते बदलावंच लागतं. सर्वसमावेशक विम्यात पुराचं नुकसान येतं, पण पाण्यात असताना गाडी चालू करायचा प्रयत्न केल्याने मोडलेलं इंजिन हा वादाचा विषय होतो.

१०. कागद, आणि गाडी गेलीच तर

आजच एका फाईलमध्ये आणि फोनमध्ये हे ठेवा:

आरसी, विमा पॉलिसी, गाडी घेतल्याची पावती. चासी आणि इंजिन नंबरचे फोटो. गाडीचे चारही बाजूंचे फोटो, ओळखीच्या खुणांसह. दोन्ही मूळ किल्ल्या. भाडेकरार आणि पोलिसांत दिलेल्या भाडेकरू पडताळणीची प्रत.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून जी रक्कम लिहिलेली असते तीच चोरीला मिळायची कमाल रक्कम, म्हणून हप्ता कमी दिसावा यासाठी ती खाली आणणाऱ्या एजंटाला तिथेच थांबवा. दुसऱ्या राज्याची नोंदणी घेऊन आला असाल आणि बारा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. देशभर चालणाऱ्या बीएच मालिकेचा नंबर असलेल्या गाडीला ते लागत नाही.

गाडी जागेवर नसेल तर आधी शेजाऱ्यांनी हलवली का, सोसायटीने उचलून ठेवली का ते बघा, मग लगेच ११२ वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवा. १ जुलै २०२४ पासून चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३ आहे. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्या. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि आरटीओला पत्र देऊन पोच घ्या. एफआयआर लगेच झाला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे, पण तो आधार वापरायची वेळ येऊ देऊ नका.

पुढे कंपनी दोन्ही किल्ल्या, मूळ आरसी, गाडी सापडली नसल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल आणि हस्तांतराचे फॉर्म २८, २९ व ३० मागते. एक किल्ली हरवलेली असेल तर ती हरवली तेव्हाच तसं लेखी नोंदवून ठेवलेलं बरं. चोरीनंतर सांगितलं की किल्ली गाडीलाच होती असा अर्थ काढला जातो. अंतिम अहवालाला महिने लागतात. गाडी कर्जावर असेल तर विम्याची रक्कम आधी बँकेच्या थकबाकीत जाते, आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ बँकेकडून घ्यावा लागतो, आणि तोपर्यंतचे हप्ते चालूच ठेवावे लागतात.